बापाच्या डोक्याचा कंगवा

मी कंगवा बोलतोय. हौस म्हणून नाही. समोरच्या फळीवर तो गुलाबी ब्रश बसलाय ना, त्यानं चार दिवस माझं डोकं खाल्लंय. "म्हातारबा, सांगा की तुमची गोष्ट, वेळ जात नाही." वेळ जात नाही म्हणे! ह्याला घरातली पोरगी लेसिएली दिवसातून दोनदा हातात घेते, फडक्यानं पुसते, उन्हात ठेवते, आणि ह्याचा वेळ जात नाही! मी इथं भिंतीच्या चटईत खोचलेला, धुरानं काळा झालेला, दोन दात पडलेला. वेळ कसा जात नाही ते मला विचार.

बरं, सांगतो. पण एकदाच. ए गुलाबी, मध्ये तोंड घातलंस तर गप्प बसेन.

मला शाळा नाही, बिळा नाही. डोक्यावर बसून जे दिसलं तेवढंच मला ठाऊक.

मी नारळाच्या झावळीतला. पातीच्या मधोमध जो ताठ हीर असतो, तसले पंधरा हीर म्हणजे मी. ह्या घरचा धनी सेमिसी, त्याची बायको फाताई हिनं लग्नाच्या वर्षी मला बांधला. एकेक हीर पारखून घेतला, टोकं घासली, काथ्याच्या बारीक दोरीनं वरच्या अंगाला अशी वीण घातली की बघणारा म्हणेल, कापड आहे. जे हीर तिनं बाजूला टाकले त्यांचा खराटा झाला. म्हणजे अंगणात खसखसतो तो खराटा आमच्याच रक्ताचा. एकाच माडाचे आम्ही. कुणाच्या नशिबी डोकं, कुणाच्या नशिबी केर. मी त्याच्याकडे कधी ढुंकून बघितलं नाही. पुढं त्यानं त्याचा वचपा काढला, ते सांगतोच.

सेमिसीचे केस! अरे, तसलं रान आता हापाईच्या एकाही बेटावर उरलेलं नाही. मासे मारून आला की केसांत मीठ, वाळू, कधी कधी शेवाळाचा तुकडा. मी शिरायचो आणि अर्धा तास बाहेर यायचो नाही. फाताई फुलं घालून कढवलेलं तेल लावायची आणि मग मला फिरवायची. तेवढं सगळं सुखाचं होतं. फक्त एक खुपायचं. अर्ध्यावर आली की ती मला मांडीवर ठेवायची आणि बोटांनीच विंचरायची. डोळे मिटून सेमिसी म्हणायचा, "हां, असंच." मला काय वाटत असेल? पंधरा दात असून मी मांडीवर, आणि दहा बोटं डोक्यात!

पस्तिशीच्या आतबाहेर त्याच्या कपाळाचे दोन कोपरे मागं सरायला लागले. ओहोटीला किनारा उघडा पडतो ना, तसे. मग टाळूवर एक चकती. सगळ्यांत आधी मला कळलं, कारण मला तिथं अडायला काही मिळेना. सेमिसीनं काय काय म्हणून दोष दिला! आधी खारं पाणी. मग साबण. मग तेल. मग मला. "ह्या कंगव्यानंच उपटले," म्हणून एकदा मला भिंतीवर फेकला. त्यात एक दात गेला.

अरे बाबा, तुझा बाप कसा होता ते आठव. तुझा मामा आठव. त्याच्या टकलात गलबतवाले वाट बघून जायचे. जे रक्तात येतं ते कंगव्यानं येत नाही आणि कंगव्यानं जातही नाही. रोज पन्नास-शंभर केस कुणाच्याही डोक्यावरून गळतात, बाईच्या काय आणि बाप्याच्या काय. मी फक्त गळालेले उचलतो. प्रेत उचलणाऱ्याला खुनी म्हणतात का?

मग आली टोपी. चर्चला जाताना टोपी, चौघांत मुळीचा कावा प्यायला बसताना टोपी, होडीत टोपी. दिवसभर त्या डोक्यावर ती नटवी बसायची आणि मला सकाळी दोन मिनिटं, कानामागच्या झालरीपुरता. ती टोपी समुद्रात उडून गेली त्या दिवशी मला जे बरं वाटलं ते अजून आठवतं. पण त्यानं आठवड्यात दुसरी विणून घेतली.

फाताईचेही केस पुढं विरळ झाले. बाईमाणसाचं टक्कल बाप्यासारखं कपाळावरून शिरत नाही. भांग रुंदावत जातो. पाऊलवाट होती ती गाडीरस्ता होते. वय उतरलं, अंगातला तो महिन्याचा फेरा थांबला, की पुष्कळजणींचं होतं असं. तिनं कुणाला दोष दिला नाही. भांगच मोडला आणि केस मागं घेतले. शहाणी होती. मग ती गेली.

फाताई गेल्यावर सेमिसीच्या डोक्याला हात लावणारं कुणी उरलं नाही. पोरगी होती, लेसिएली, पण बापाच्या डोक्याला लेकरांनी हात लावायचा नाही. त्याचं उष्टं खायचं नाही, त्याच्या अंथरुणावर पडायचं नाही, त्याचा कंगवा घ्यायचा नाही. आमच्याकडं हे कुणी शिकवत नाही, चालायला लागल्याबरोबर समजतं. बहीण आहे, कालोलाइने, सेमिसीहून दोन वर्षांनी थोरली. पण भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत. ती आली की अंगणात उभी राहून बोलते, आणि तिचं अंगणातलं बोलणं पलीकडच्या बेटावर ऐकू जातं. भावाच्या घरात बहिणीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. भावाच्या पोरांना तर आत्या म्हणजे राणीच.

तर म्हातारा आपल्या हातानं मला फिरवायचा. त्यात मला बरंच होतं म्हणा. वाटेकरी कुणी नव्हता.

यंदा मार्चमध्ये गावात हाडमोड्या ताप आला. डासांचा. घरटी दोन-दोन आडवे. लेसिएलीचा नवरा फळं तोडायच्या कामाला ऑस्ट्रेलियात, पदरात दोन महिन्यांची पोर, स्वतः नुकती तापातून उठलेली. त्यात म्हातारा आडवा झाला. तिसऱ्या दिवशी त्याला शुद्ध नाही असं वाटत होतं. घामानं केसांची झालर मानेला चिकटली होती, त्यात उलटी लागलेली. लेसिएलीनं पाणी आणलं, फडकं आणलं, तोंड पुसलं, मान पुसली. मग थांबली. दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं.

तिनं मला उचललं.

फार हलकेच फिरवलं तिनं मला. कानामागून मानेपर्यंत, मग दुसऱ्या बाजूनं. पाच-सहा वेळा. तेल लावलं, परत फिरवलं. "बाबा, माफ करा हं," असं पुटपुटली, मला धुतलं आणि होतं तिथं खोचलं. म्हातारा उतरला तापातून. ती कुणाला काही बोलली नाही. मीही नाही. मला कोण विचारतो?

जूनमध्ये तिचे केस गळायला लागले.

गळायला म्हणजे कसे? मुठीनं. न्हायला बसली की पायाशी काळी जाळी. उशीवर, पोरीच्या मुठीत, नीरफणसाच्या भाजीत. ती एकटीच बसून ते गोळा करायची, गोळा वळायची आणि चुलीत टाकायची. माझ्याकडं बघायची आणि नजर वळवायची. मला कळलं तिच्या मनात काय चाललंय.

एका सकाळी कालोलाइने अंगणात येऊन उभी राहिली.

"लेसिएली! अगं, डोक्याला फडकं का बांधलंयस? लग्न आहे की मयत?"

"काही नाही, आत्या. ऊन लागतं."

"जूनच्या थंडीत ऊन लागतं? सोड बघू ते."

आत्यानं सोड म्हटल्यावर सोडावंच लागतं. सोडलं. कालोलाइने बघत राहिली.

"काय केलंस तू?" तिनं हळू विचारलं. ती हळू बोलली की समजायचं, आता खरं नाही.

आणि ती बावळट पोरगी रडत रडत सगळं सांगून बसली. ताप, उलटी, मी, पाच-सहा वेळा.

"बापाच्या डोक्याला हात लावलास! त्याच्याच कंगव्यानं! मग केस राहतील? नशीब समज, डोकं राहिलं! तो कंगवा जाळ आजच्या आज. आणि ऐक, सेमिसीला ह्या घरात ठेवायचं नाही. माझ्या थोरल्या पोराकडं नेते मी त्याला, राजधानीत, नुकुआलोफाला. पुढच्या गुरुवारच्या बोटीनं."

"आत्या, नको! बाबांना तिथलं गमायचं नाही. त्यांची होडी इथं, आईची कबर इथं..."

"हे हात लावायच्या आधी सुचायला हवं होतं."

संपलं. पुढं बोलायची सोय नाही.

मला जाळायचं तर आधी उचलायला हवं, आणि उचलायची तिला भीती. मग तिनं काय केलं माहीत आहे? खराटा आणला! खराट्यानं मला भिंतीतून पाडला आणि केरासारखा लोटत लोटत दारातून बाहेर नेला. माझा भाऊबंद माझ्या बरगड्यांत हिरांची टोकं खुपसत होता आणि मनातून नाचत होता. "काय दादा, आलात का खाली?" असंच म्हणत असणार. चुलीपाशी नेलं तिनं मला. पण हात चालेना तिचा. आईनं बांधलेला होतो ना मी. शेवटी काठीनं उचलून तिनं मला चुलघराच्या छपरात कोंबला आणि आत्याला सांगितलं, जाळला.

तिथं मी नऊ दिवस धूर खाल्ला. दुसरा दात तिथंच पडला.

त्याच आठवड्यात हा गुलाबी आला. नवऱ्यानं ऑस्ट्रेलियातून पाठवलेल्या खोक्यात साबण, पोरीचे कपडे आणि हा. काय त्याचं कौतुक! "किती मऊ आहे गं!" छपरातून बघत होतो मी. लेसिएलीनं तो केसांतून फिरवला आणि बघते तर काय, गुलाबी दातांत हा एवढा झुबका! मी नव्हतो हं तिथं. मी छपरात होतो. बापाच्या डोक्याला त्या ब्रशचा जन्मात स्पर्श झालेला नाही. तरी झुबका! मी इतका हसलो की छपराची पाती हलली. पण ती बया काही शिकली नाही. ब्रश पुसून ठेवला आणि परत रडली. मला जाळायला निघालेली माणसं, त्याला पुसतात! ह्याला न्याय म्हणतात?

आणि म्हाताऱ्याशी ती वागायची कशी? ताट उंबऱ्यात ठेवून मागं सरायची. पोरीलासुद्धा त्याच्या मांडीवर देईना. सेमिसी विचारायचा, "माझा कंगवा बघितलास का गं?" ती म्हणायची, "सापडत नाही, बाबा." तो बोटांनीच झालर सारखी करायचा. मग त्याला बोटीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं होडी उपडी घातली आणि तिच्यावर झावळ्या टाकल्या. परत न येणारा माणूस टाकतो तशा.

बोट गुरुवारी. मंगळवारी आमच्या अंगणात बायका जमल्या. कालोलाइनेच्या नातीचं लग्न, त्यासाठी झाडाच्या सालीचं मोठं कापड करायचं होतं. कुटून पातळ केलेल्या सालीच्या पट्ट्या एकावर एक आडव्या-उभ्या चिकटवत जायच्या, मध्ये कंदाची खळ. लांब फळीच्या दोन्ही बाजूंना आठ-दहा बायका. खळ आमच्याच चुलीवर शिजत होती, त्यामुळे मला छपरातून सगळं दिसत होतं. नर्स तोकिलुपेही होती, दवाखान्याला सुट्टी टाकून आलेली. कालोलाइने वरच्या टोकाला, जिथं चूक काढता येते तिथं.

आणि तिनं काढलीच.

"हे काय? केस! लग्नाच्या कापडात केस!"

सगळ्यांनी लेसिएलीकडं बघितलं. ती फळीच्या पार टोकाला बसली होती, फडकं घट्ट बांधून.

"उठ तिथून," कालोलाइने म्हणाली. "तुझं भोगणं तुझ्यापाशी ठेव. माझ्या नातीच्या कापडात नको."

लेसिएली उठली. तेवढ्यात शेजारची वायोला म्हणाली, "थांबा हो, हा केस कुरळा आहे. लेसिएलीचे सरळ."

"मग कुणाचा?"

वायोला जरा घुटमळली. "माझा असेल. मलाही गळतायत. कुणाला सांगायचं म्हणून..."

"तुझा अंबाडाच तेवढा घट्ट असतो," कुणीतरी म्हणालं. "तू हसलीस की तुझे कानसुद्धा मागं जातात."

बायका हसल्या. पण मग इकडून एक म्हणाली, माझेही जातायत. तिकडून एक म्हणाली, माझ्या नवऱ्याला तर दाढीत चाई पडलीय, हा एवढा वाटोळा डाग. खळीत बोटं घालून जी ती केस काढायला लागली. सगळ्यांना वाटत होतं, आपल्या एकटीलाच देवानं धरलंय.

नर्स तोकिलुपेनं हात पुसले. "मार्च-एप्रिलात ताप कुणाकुणाला आला होता? हात वर करा."

सात हात.

"आणि केस गळतायत कुणाकुणाचे?"

तेच सात. वर वायोला आठवी.

"अगं बायांनो, मोठा ताप आला की केस लगेच नाही जात, दोन-तीन महिन्यांनी जातात. बाळंतपणानंतरही तसंच. कापणी एकदम आणि लावणी सावकाश. सहा महिन्यांत परत येतात. वायोला, तू तो अंबाडा सैल कर, नाहीतर कपाळावरचे यायचे नाहीत. चाईवाल्याला पाठव माझ्याकडं. आणि लेसिएली, इकडं ये."

तिनं लेसिएलीची खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरी फटक.

"ताप, बाळंतपण आणि अंगात रक्त नाही, तिन्ही एकदम. मग केस काय करतील बिचारे! उद्या दवाखान्यात ये. रक्त तपासू, गोळ्या देते."

हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं बरं का! तिला शाळेत शिकून कळलं, मला डोक्यात शिरून. पण कौतुक तिचं.

"ते ठीक आहे," कालोलाइने म्हणाली. "पण हिनं बापाच्या डोक्याला हात लावलाय. इतरांचं तापानं, हिचं त्यानं."

तेव्हा वायोलानं खळीतून आणखी एक केस ओढला. ओढला, ओढला, संपेचना. हातभर लांब. आणि पांढरा.

सगळ्या माना वरच्या टोकाकडं वळल्या. पांढऱ्या केसाची बाई त्या फळीवर एकच होती.

"कालोलाइनेआत्या," नर्स अगदी गरिबासारखी म्हणाली, "तुम्हालाही एप्रिलात ताप होता ना? मीच सुई दिली होती. तुम्ही कुणाच्या डोक्याला हात लावलात?"

कालोलाइनेनं तो केस घेतला, बोटाला गुंडाळला, गुंडाळत राहिली. वळून समुद्राकडं बघितलं. समुद्र तेलासारखा गुळगुळीत पडला होता.

"समुद्र खवळणार आहे," ती म्हणाली. "असल्यात म्हाताऱ्या माणसानं बोटीत बसू नये. सेमिसी राहू दे इथंच." मग ओरडली, "बघताय काय? खळ वाळतेय! लेसिएली, बस तुझ्या जागी. आणि ते फडकं सोड, कामात मध्ये येतं."

लेसिएली बसली. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, सगळी खळ. तोंडभर खळ लावून घेतली तिनं.

संध्याकाळी तिनं काठीनं मला छपरातून काढला, धुतला, तेल लावलं. हातात धरून बापासमोर गेली आणि दोन्ही हातांनी पुढं केला, मान खाली घालून.

"बाबा, सापडला. आणि... तापात मी तुमच्या डोक्याला..."

"माहीत आहे," सेमिसी म्हणाला. "जागा होतो मी."

तिनं मान वर केली.

"डोळे उघडले असते तर तू थांबली असतीस. म्हणून उघडले नाहीत. तुझ्या आईनंतर डोक्यावरून तेवढाच एक हात फिरला."

हात! ऐकलंत? हात म्हणे! अरे म्हाताऱ्या, हात काय करत होता? हात मला धरून होता नुसता! फिरलो मी! मानेला चिकटलेली झालर सोडवली मी! चाळीस वर्षं मी, आणि नाव हाताचं! आधी बायकोच्या बोटांचं कौतुक, आता पोरीच्या हाताचं. ती दोघं रडत होती आणि मी तिथं दोघांच्या मध्ये, कुणाचंही लक्ष नाही.

मग त्यानं नात मागितली, आणि लेसिएलीनं ती त्याच्या मांडीवर दिली. कारटीनं पहिल्यांदा काय पकडलं असेल? मला. तोंडात घातलं. तिला माफ.

आता ऑगस्ट चाललाय. लेसिएलीच्या कपाळावर पेरभर लांबीचे नवे केस उभे राहिलेत, कोंबड्याच्या पिसासारखे. ते विंचरायचा मान ह्या गुलाबीला. मला ते केस लांबून बघावे लागतात. माझ्या वाट्याला सेमिसीची झालर, सकाळची दोन मिनिटं. होडी परत पाण्यात आहे. खराटा रोज दारापर्यंत येतो आणि माझ्याकडं वर बघतो. मी बघत नाही.

तुमच्या घरात कुणाचे केस गळत असतील तर आधी आठवा, तीन महिन्यांमागं काय झालं होतं. ताप, बाळंतपण, मोठं दुखणं, खाण्याचे हाल. नाहीतर आजा-मामाचं टक्कल आठवा, अंबाडा सैल करा, दवाखान्यात जा. कंगवा बिचारा शेवटी धरा. तो फक्त खबर आणतो.

सेमिसीनं मला भिंतीवर आपटला होता, त्याला मी कधीच माफ केलं. लेसिएलीनं धुवून तेल लावलं, तिचंही फिटलं. राहिली एक. रोज सकाळी अंगणात येते, भावाला मासे ठेवून जाते, दारातून मला बघते, आणि लेसिएलीला "काय गं, उजेड पडला का घरात?" असलं काहीतरी बोलून निघून जाते. माफीचे दोन शब्द तिनं अजून टाकलेले नाहीत.

कालोलाइने.